सागवानी नंदी आणि माझी टाच

माझ्या उजव्या टाचेच्या जरा वर, सॅंडलचा पट्टा येतो नेमकी तिथं, एक पांढुरकी आडवी खूण आहे. मी सात-आठ वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत, मला नंदीनं मारलं. लाकडी नंदीनं.

विदर्भाबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोट्ट्यांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवायचे, दोरीनं ओढत घरोघरी न्यायचे आणि बोजारा मागायचा. कुणी पैसे देतं, कुणी खाऊ. त्याच दिवशी गावातून मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्यामुळे मोठी माणसं तिकडे आणि गल्ली पूर्णपणे पोरांच्या ताब्यात.

आमचा नंदी आबाजींनी ओळखीच्या मिस्त्रीकडून करवून घेतलेला. सागाच्या एका अखंड ओंडक्यातला. आतून पोकळ वगैरे काही नाही, शिंगापासून शेपटीपर्यंत भरीव. एकदा रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला टांगला तेव्हा आठ किलो भरला होता. शेजारच्या घरातला नंदी दिसायला तेवढाच, पण पोकळ. दोन किलोही असेल-नसेल. ती पोरं तो नाचवत न्यायची आणि मी मागून आमचं धूड ओढत. त्या दिवशी ईर्ष्येनं पळत सुटले. मागून कुणीतरी हाक मारली म्हणून थबकले. नंदी थबकला नाही. त्याच्या पुढच्या फळीची कड टाचेत घुसली.

मी भोकाड पसरलं. हळद दाबताना आबाजी म्हणाले, "तू थांबली, म्हनून तो कायले थांबंल? त्याले थांबाले कोन सांगतलं?"

सगळे हसले. मला फार राग आला होता.

नववीत गेले तेव्हा हेच वाक्य पुस्तकी मराठीत समोर आलं. एखादी वस्तू स्थिर असेल तर स्थिरच राहते आणि सरळ रेषेत एकसमान वेगानं जात असेल तर तशीच जात राहते, बाहेरून असंतुलित बल लागेपर्यंत. मी व्याख्या घोकली, पेपरात उतरवली, गुण मिळवले. टाचेवर पुरावा असूनही आबाजींचं वाक्य आणि ही व्याख्या एकच आहेत हे डोक्यात आलं नाही. आमच्या वर्गात ते कुणी आणूनही दिलं नाही. फळ्यावर व्याख्या, खाली सूत्र, त्याखाली तीन उदाहरणं सोडवा. पुढे मी कॉमर्सला गेले आणि आज हिशेबाच्या नोकरीत आहे. फिजिक्स मला 'जड गेलं' असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. या शब्दाकडे परत यायचंय.

खरं सांगायचं तर तो नियम मला मनातून पटलेलाच नव्हता. पेडल मारणं सोडलं की सायकल थांबते. लोटणं सोडलं की भाजीवाल्याचा ठेला थांबतो. ढकलाल तोवर हालेल, सोडाल की थांबेल, हे जन्मल्यापासून अंगाला ठाऊक असतं. ॲरिस्टॉटलही साधारण हेच म्हणत होता आणि जवळपास दोन हजार वर्षं शहाणीसुरती माणसं ते मानत होती. त्याला हसायचं कारण नाही. खड्डे, चिखल, गंजलेले ॲक्सल आणि खरखरीत रस्ते असलेल्या जगात तो बरोबरच दिसतो. नागपुरात तर नक्कीच.

गॅलिलिओनं रस्ता बाजूला ठेवून उतार घेतले. एका उतारावरून गोळा सोडला की समोरच्या चढावर तो जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. समोरचा चढ कमी कमी करत गेलं तर तेवढी उंची गाठायला गोळा लांब लांब जातो. मग तो चढ अगदी सपाट केला तर? उंची तर कधीच गाठता येणार नाही, म्हणजे गोळा जातच राहील. घर्षण पूर्ण काढून टाकलेली जमीन त्याच्याकडेही नव्हती, ती त्यानं मनात अंथरली. न्यूटननं ते १६८७ साली नियमाच्या रूपात मांडलं. आता गॅलिलिओला हवी तशी जमीन आपल्याकडे आहे, फक्त ती जमीन नाही. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर चाललंय. त्याला मागून कुणी लोटत नाही. जातंय म्हणून जातंय. सूर्य मागे ओढतोय तेवढा अगदी किंचित मंदावतोय, इतकंच.

म्हणजे चालत राहायला कारण लागतच नाही. कारण लागतं ते चाल बदलायला. मला वाटायचं ठेला आपोआप थांबतो. आपोआप काही थांबत नसतं. चाकाशी, ॲक्सलशी, रस्त्याशी कुणीतरी सतत मागे ओढत असतं आणि ते दिसत नसल्यामुळे आपण त्याला हिशेबातच धरत नाही. ठेलेवाला लोटतो तो त्या ओढीची फेड करण्यापुरता.

हे मला पुस्तकातून समजलं नाही, मेट्रोत समजलं. खापरीकडून सीताबर्डीला येताना मधल्या एखाद्या सरळ टप्प्यात गाडी एका वेगात असते तेव्हा डोळे मिटून बघा. आपण चाललोय की उभे आहोत हे सांगता येत नाही. हातातल्या कागदी कपातला चहासुद्धा सांगू शकत नाही. स्थिर असणं आणि एका वेगानं सरळ जाणं यांत निसर्ग भेदभाव करत नाही, हा त्या नियमाचा खरा धक्का आहे, आणि तो धक्का न बसणं हाच त्याचा पुरावा. सीताबर्डी आलं, ब्रेक लागला की मात्र सगळी उभी माणसं पुढे झुकतात. 'पुढे ढकलल्यासारखं होतं' असं आपण म्हणतो. पुढे कुणी ढकललेलं नसतं. गाडी मंदावली, पायांखालची फरशी मंदावली, आपल्याला मंदावायला अजून कुणी सांगितलेलं नसतं. आबाजींचा नंदी, इतकंच.

मग यंदाचा तान्हा पोळा आला. बहिणीचा मुलगा ओम पाच वर्षांचा झाला, म्हणून माळ्यावरून सागवानी नंदी काढला. चाकं कुरकुरत होती. जुनी दोरी कुजली होती, म्हणून मी घाईत जाडसर शिवणाचा दोरा बांधला आणि वर झेंडूची माळ गुंडाळली. ओमनं दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. दोरा तुटला, नंदी जागचा हलला नाही. पुन्हा बांधला, पुन्हा हिसका, पुन्हा तुटला. "मावशी, तुझा दोराच खराब आहे."

समोरच्या काकू पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "झटका नको देऊ बे. हळू ओढ, येते तो."

त्यानं हळू ओढलं. त्याच दोऱ्यानं आठ किलोचा नंदी मुकाट निघाला.

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या पुस्तकात गतीचे नियम आहेत. रात्री आम्ही दोघींनी काकूंचं वाक्य आकड्यांत मांडलं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आणि त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलला ते. ओमला नंदी चालण्याच्या वेगाला आणायचा, म्हणजे सेकंदाला एक मीटर धरू. सावकाश, एका सेकंदात आणला तर त्वरण एक. आठ एके आठ, आठ न्यूटन. शंभर ग्रॅमचं लहानसं संत्रं तळहातावर घेतल्यावर जो भार जाणवतो तो साधारण एक न्यूटन. (सफरचंदाचं उदाहरण ज्यांना द्यायचं त्यांनी द्यावं, आम्ही नागपूरचे.) म्हणजे आठ न्यूटन म्हणजे दोऱ्याला आठ संत्री टांगल्यासारखं. आता तोच वेग हिसका देऊन सेकंदाच्या दहाव्या भागात आणायचा झाला, तर त्वरण दहा आणि बल ऐंशी न्यूटन. ऐंशी संत्री. आठ किलो. म्हणजे अख्खा नंदीच त्या दोऱ्याला लटकवला असता तर जेवढा ताण पडला असता, जवळपास तेवढा. कुरकुरत्या चाकांचं घर्षण यात धरलेलंच नाही. नंदी तोच, दोरा तोच, शेवटचा वेगही तोच. काकूंनी फक्त वेळ वाढवून दिला.

मुलीनं मग माझ्या टाचेचा हिशेब काढला. पळत होते म्हणजे दोन मीटर प्रतिसेकंद धर. टाचेवर आपटून नंदी दोन सेंटिमीटरांत थांबला असं धर. थांबताना सरासरी वेग एक मीटर, म्हणजे थांबायला सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे त्वरण शंभर. उत्तर आलं आठशे न्यूटन. ऐंशी किलोचा माणूस फळीच्या कडेवर उभा करून ती कड माझ्या टाचेवर ठेवावी, तसं. "आणि शेजाऱ्यांचा पोकळ असता तर दोनशे," ती म्हणाली. मला लहानपणी शेजाऱ्यांचा हेवा वाटायचा तो अगदीच चुकीचा नव्हता तर.

इथे एक गोष्ट मला दोन दिवस सोडत नव्हती. नंदी जमिनीवर उभा आहे. त्याचा भार जमीन पेलते आहे, दोऱ्यावर तो काडीचाही नाही. मग पोकळ नंदी आणि भरीव नंदी यांतला फरक दोऱ्याला कळतो कसा? चाकांना उत्तम तेल दिलं, घर्षण नाहीसं झालं, तरी कळेलच. तर दोऱ्याला जे कळतं ते वजन नव्हे. ते वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी नंदीला खाली ओढते ते बल. वस्तुमान म्हणजे आपली चाल बदलू देण्याबद्दल नंदीची नाखुशी, मग ती चाल सुरू करायची असो, थांबवायची असो की वळवायची. चंद्रावर नेला तर त्याचं वजन साधारण सहावा हिस्सा होईल, ओम त्याला एका हातानं उचलेल. पण हिसका दिला तर दोरा तिथेही तुटेल. आणि टाच तिथेही फुटेल.

रद्दीवाल्याच्या ताणकाट्यात स्प्रिंग असते. ती ओढ मोजते आणि काटा किलो दाखवतो, ते चालून जातं कारण आपण सगळे एकाच पृथ्वीवर रद्दी विकतो. इतवारीतल्या सराफाचा जुना दोन पारड्यांचा तराजू मात्र ओढ मोजत नाही, तुलना करतो. या पारड्यात दागिना, त्या पारड्यात मापं. चंद्रावर दोन्हीकडची ओढ सारखीच घटेल, दांडी तशीच आडवी राहील. ताणकाटा चंद्रावर आमच्या नंदीला सव्वा-दीड किलोच्या आत दाखवेल, तराजू मात्र आठच. सोनं कुठल्या काट्यावर घ्यायचं हे आपल्या आज्ज्यांना बरोबर कळत होतं, कारण भलतं असलं तरी.

आता त्या 'जड' शब्दाकडे. आपल्या भाषेत जड म्हणजे वजनदार. जड म्हणजे अचेतन, जडसृष्टीतला. जड म्हणजे कठीणही. पुस्तकानं या शब्दाला 'त्व' लावून न्यूटनच्या पहिल्या नियमातली नाखुशी सांगायचं ठरवलं, जडत्व. साहजिकच माझ्या डोक्यात जडत्व म्हणजे वजनदारपणा असंच बसलं, आणि वजन-वस्तुमानाचा घोळ तिथून जो सुरू झाला तो चाळिशी ओलांडेपर्यंत मिटला नाही. बलाचंही तेच. माझे बाबा बलाला 'प्रेरणा' म्हणायचे आणि त्वरणाला 'प्रवेग'. मराठी विश्वकोशात आजही हे शब्द भेटतात. प्रेरणा हा शब्द सुंदर आहे, पण त्यानं माझं नुकसान केलं. प्रेरणा म्हटलं की ती सतत हवीच, ती संपली की माणूस बसला, असं वाटतं. वस्तूही प्रेरणा संपली की बसत असणार, असं मी गृहीत धरलं. व्हॉयेजरला कसली प्रेरणा? माझ्या मते या सगळ्यात 'रेटा' हा शब्द खरा होता. रेटा कुणीतरी कुणालातरी देतं, तेवढ्यापुरता देतं, आणि वस्तूच्या आत तो साठून राहतो असा भास होत नाही. पण आपल्याकडे बोलीतल्या शब्दाला पुस्तकात घ्यायचं म्हटलं की समित्यांचं जडत्व आडवं येतं.

तिसऱ्या नियमानं मला जास्त छळलं. प्रत्येक क्रिया बलास समान आणि विरुद्ध दिशेनं प्रतिक्रिया बल असतं. बैल बंडीला जेवढा पुढे ओढतो तेवढीच बंडी बैलाला मागे ओढते. मग दोन्ही फिटले की! बंडी चालते कशी? शाळेत मी हा प्रश्न विचारला होता आणि 'पुस्तकात आहे ते लिही' हे उत्तर मिळालं होतं.

हा गुंता सुटला तो माझ्या नोकरीमुळे. प्रत्येक व्यवहाराची नोंद दोनदा होते, एकाच्या नावे, दुसऱ्याच्या जमा, रक्कम तीच. पण म्हणून कुणी असं म्हणत नाही की रक्कम फिटली, व्यवहार झालाच नाही. कारण दोन नोंदी दोन वेगळ्या खात्यांवर आहेत. मला बंडीचं काय झालं हे पाहायचं असेल तर मी फक्त बंडीचं खातं उघडायचं. त्यात बैलाची पुढची ओढ आहे आणि चाकांचं घर्षण मागे. पुढची जास्त, म्हणून बंडी निघाली. बंडीची प्रतिक्रिया बैलाच्या खात्यावर. तिथे बंडी त्याला मागे ओढतेय, मग तो पुढे कसा जातो? त्याच्या खात्यात आणखी एक जमा आहे: खुरानं तो जमिनीला मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे. जमिनीच्या खात्यावरही ती नोंद पडते, पण पृथ्वीचं भांडवल एवढं अवाढव्य की तिच्या ताळेबंदात काही दिसत नाही.

(सर सी. व्ही. रमण तरुणपणी सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते आणि काही काळ नागपुरात होते. गांधीसागराजवळच्या विज्ञान केंद्राला त्यांचंच नाव आहे. हिशेबवाल्यांना फिजिक्स कळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे हल्ली सांगते.)

आबाजींचं गाव काटोलकडे. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी फसली की ते आधी बैलाला मारायला उठणाऱ्या माणसाला अडवायचे. "त्याले पाय रोवाले जागा तं पाह्यजे," म्हणायचे, आणि खुरांपुढे तुऱ्हाट्या टाकायचे. जोर बैलात भरपूर होता. पण चिखल त्याला परत रेटा द्यायला तयार नव्हता. डांबरी सडकेवर चालणाऱ्या बैलांच्या खुरांना नाल ठोकतात ते खूर झिजू नयेत म्हणून, पण पाय रोवायला त्यांना खडबडीत जमीनच लागते. पहिल्या नियमात मी ज्या घर्षणाला इतका वेळ शिव्या घातल्या, त्याच्याशिवाय कुठल्याच बैलाचं एक पाऊल पडत नाही. आमचा सागवानी नंदी बंडी का ओढू शकत नाही याचं उत्तरही हेच. त्याच्यात प्राण नाही हे खरं, पण समजा आला, तरी चार गुळगुळीत चाकांवर उभा असलेला बैल रेटणार कुणाला?

ओम बोजारा घेऊन आला, एकशे दहा रुपये आणि एक चॉकलेट, तेव्हा चाकं फारच कुरकुरत होती. दिवसभर त्याच्या दोऱ्याचा निम्मा ताण त्या कुरकुरीतच गेला असणार. मी रात्री चारही ॲक्सलना मशीनचं तेल घातलं, फडक्यानं पुसलं आणि बोटानं चाक फिरवून पाहिलं. बराच वेळ फिरत राहिलं. समाधान वाटलं. नंदी गॅलरीत नेऊन भिंतीला टेकवून ठेवला, जिथे तो परवापासून ठेवलेला होता.

सकाळी पाहते तर नंदी भिंतीशी नाही. गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला, पाणी जायच्या भोकाशी, तोंड कठड्याला लावून उभा. मुलगी म्हणाली तिनं हात लावलेला नाही. ओम झोपलेला. मग लक्षात आलं. धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून गॅलरीला ढाळ दिलेला असतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. दोन दिवस त्याच ढाळावर तो गपगार उभा होता.

सॅंडल जवळच पडली होती. ती चाकाखाली सरकवली आणि चहा ठेवायला गेले.